या घरातला अविकारक

"सर, हे शून्य माझ्याच्यानं देववत नाही," नवी बाई म्हणाली आणि उत्तरपत्रिका मास्तरांच्या टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली. दुपारचे तीन वाजले होते. तपासणी केंद्राच्या त्या लांबलचक खोलीत बत्तीस परीक्षक माना खाली घालून बसले होते. वर पंखे फिरत होते, आणि त्यांच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर कुणाचं चष्म्याचं घर, कुणाच्या किल्ल्या, कुणाची पाण्याची बाटली ठेवलेली होती. मुख्य परीक्षक म्हणून मास्तर पुढच्या टेबलाशी, पाठीमागे फळा. परीक्षकांची शाई लाल, त्यांची हिरवी. तीन दिवसांत अडीच हजार पेपर या खोलीत तपासून झाले होते आणि शून्य घेऊन कुणीही त्यांच्याकडे आलं नव्हतं. लोक यायचे ते अर्ध्या गुणासाठी, नाहीतर अक्षर लागत नाही म्हणून, नाहीतर एखाद्यानं उत्तराऐवजी घरची रडकथा लिहून ठेवली म्हणून. शून्याची तक्रार कोण करतो? द्यायला सगळ्यांत सोपं तेच. मास्तरांनी गळ्याच्या खळगीवर दोन बोटं ठेवली आणि "का?" एवढंच म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, नुसती हवा बाहेर आली. ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते आणि त्यांच्या बोलण्याला आता आवाज नव्हता, कुजबुज होती. एका हातापलीकडे ती जायची नाही.

"सकाळपासून चूक शोधतेय, सर. सापडतच नाही. डबासुद्धा खाल्ला नाही मी."

"आधी डबा खा," मास्तर कुजबुजले.

"पोट भरल्यावर चूक सापडेल म्हणता?" ती म्हणाली, आणि हललीच नाही.

प्रश्न चौथा. तो प्रश्न मास्तरांचाच होता, आणि आदर्श उत्तरही त्यांचंच. संचात चार घटक: एक, दोन, तीन, चार. त्यांच्यावर दोन फलनं. क हे फलन एकाला आणि दोनाला जागच्या जागी ठेवतं, पण तिनाला एकाच्या जागी पाठवतं आणि चाराला दोनाच्या जागी. ख त्याच्या उलट करतं: एक आणि तीन दोघं दोनाच्या जागी, दोन आणि चार दोघं एकाच्या जागी. एकामागून एक फलन लावायचं, यालाच संयोजन म्हणायचं. आणि गट म्हणजे असं कुटुंब, ज्यात कुणाहीमागून कुणीही लावलं तरी उत्तर घरातच राहतं, एक अविकारक असतो आणि प्रत्येकाचं केलेलं परतवणारा असतो. तर या संयोजनाखाली क आणि ख यांचा गट होतो का, सकारण सांगा, गुण पाच. आणि आदर्श उत्तर एका ओळीचं होतं: होत नाही, कारण ज्या फलनानं दोघांना एकाच जागी नेऊन बसवलं ते उलट फिरवता येत नाही, आणि सगळ्यांना जागच्या जागी ठेवणारं फलन, म्हणजे अविकारक, यात नाही. सोपा प्रश्न. गुणांची खिरापत म्हणून घातलेला. मास्तरांनी ती ओळ बोटानं दाखवली आणि बाईकडे पाहिलं, जणू म्हणाले, यात काय शोधायचंय? "ते ठीक आहे, सर," ती म्हणाली, "पण तुम्ही ह्या पोराचं वाचा तरी." मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक, वर नुसता आसन क्रमांक होता. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, घाईतलं. चार घरांचा एक तक्ता काढला होता. आधी क मग क, येतं क. आधी क मग ख, येतं ख. आधी ख मग क, तरी ख. ख नंतर पुन्हा ख, येतं क. आणि खाली दोन वाक्यं: "म्हणून गट होतो. या घरात अविकारकाचं काम क करतो. बाहेर तो कुणाला हलवत असेल, घरात तो कुणालाच बदलत नाही."

मास्तरांनी तक्ता तपासला. एकदा डोळ्यांनी, मग हिरव्या पेनाचं टोक कागदाला न लावता, प्रत्येक आकड्यावरून फिरवत. ख नं तिनाला दोनाकडे नेलं, पुन्हा ख नं दोनाला एकाकडे. तीन गेला एकाकडे. हेच तर क करतो. चाराचंही तसंच. पुन्हा पाहिलं. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं झालं. अविकारक म्हणजे काय? कुटुंबातल्या कुणाच्याही आधी लावा, नंतर लावा, त्याला बदलत नाही तो. एवढंच. तो जगात सगळ्यांना जागच्या जागी ठेवतो असं कुणी म्हटलं होतं? मास्तरांनीच म्हटलं होतं. तीस वर्षं, दरवर्षी, भरल्या वर्गात, असल्या आवाजात की मधल्या सुट्टीत आवारात उभी असलेली पोरंसुद्धा ऐकायची: "बरं का, अविकारक म्हणजे काहीच न करणारा! घरातला आळशी काका!" वर्ग हसायचा. त्या "बरं का" वरून पोरांनी त्यांचं नाव बरंका मास्तर ठेवलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचं. मोठ्या आवाजात सांगितलेली गोष्ट खरी वाटते, सांगणाऱ्यालासुद्धा. आजवर कुणी हात वर करून विचारलं नव्हतं, की सर, आळशी काका नसलेलं घर चालत नाही का? विचारलं असेलही. त्या आवाजाखाली ऐकू आलं नसेल.

आणि हा प्रश्न त्यांनी काढला कुठे होता, तेही आत्ता आठवलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, ऑपरेशनच्या आदल्या सकाळी. प्रश्नपत्रिकेची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. बायको कागदपत्रांच्या खिडकीपाशी रांगेत होती. समोरच्या दारावर लाल दिवा होता, तो लागायचा, विझायचा. डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं, अगदी सरळ, गोड न करता: "गाठ काढावी लागेल आणि आवाजही तिच्याबरोबर जाईल. कुजबुज राहील. परत मिळवायचा म्हणाल तर तसा उपाय नाही माझ्याकडे." मांडीवर कागद घेऊन मास्तरांनी तेव्हा लिहिलं होतं, तीन एकाकडे, चार दोनाकडे, दोघांना एका जागी नेऊन बसवणारं, उलट न फिरवता येणारं, आणि पुढे "गट होत नाही" असं लिहिताना पेन कागदात रुतलं होतं. ते गणित नव्हतं, तक्रार होती. देवाकडे केलेली तक्रार, आदर्श उत्तराच्या चौकटीत. तिची खातरजमा कोण करतो? तक्ता मांडायला दोन मिनिटं लागली असती. जन्मभर पोरांना "मांडा, मांडल्याशिवाय बोलू नका" म्हणणाऱ्या माणसानं स्वतः मांडला नाही, कारण उत्तर त्यांना आधीच माहीत होतं.

"सर?" नवी बाई म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

मास्तरांनी हातानं खुर्ची दाखवली. ती बसली. ते कागदाकडे बघत राहिले आणि त्यांच्या मनात ते घर उभं राहिलं, क आणि ख यांचं. चार माणसं बाहेरून येतात. दारातच क उभा असतो आणि त्यांची चाराची दोन करून टाकतो. हे एकदाच, आणि कायमचं. तिसरा आणि चौथा पुन्हा आपल्या जागी जात नाहीत. ते मागणंच चूक. पण एकदा आत आल्यावर क कितीही वेळा समोर आला तरी तो काय करणार? जे त्याच्याकडून व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पुढे ख उलथापालथ करतो, तर ख च ती पुन्हा सरळ करतो. आत सगळं उलगडता येतं, सगळं फिरून जागेवर येतं. दार तेवढं एकाच बाजूनं उघडतं. आठ महिने मास्तर त्या दाराला आतून धडका देत होते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून जुन्या आवाजात "बरं का" म्हणून बघायचे आणि ओठांवर हवा यायची. बायकोनं एकदा स्वयंपाक करताना फोनवर त्यांचं एक जुनं व्याख्यान लावलं होतं, तर त्यांनी तो बंद केला आणि दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. "अहो, अबोला धरण्यासारखं तुमच्याकडे आता आहे तरी काय?" ती म्हणाली होती, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली होती, आणि मग डोळे पुसत ओट्याकडे वळली होती. ते हसले नव्हते. प्रार्थनेला बसणंही त्यांनी सोडलं होतं. वडील भक्तिकथा गाऊन सांगायचे. प्रार्थनेच्या दालनात त्यांनी एक ओळ उचलली की मागची गर्दी ती झेलायची, आणि लहानपणी त्या गर्दीत मांडी घालून बसलेल्या मास्तरांना वाटायचं, देव वर कुठे नसणार, या दोन आवाजांच्या मधे जी जागा आहे तिथेच असणार. आवाज वडिलांकडून आला होता. तो गेल्यावर त्या जागेत उभं राहायला तोंड नाही असं ते धरून बसले होते. आणि आता कुठल्याशा आसन क्रमांकानं, घाईघाईत, घंटा व्हायच्या आत, लिहून ठेवलं होतं की या घरात अविकारक दुसरा आहे. मागच्या घरातला इथे शोधू नका. मास्तरांच्या छातीतून काहीतरी फुसकन बाहेर पडलं. नवी बाई दचकली. मग तिच्या लक्षात आलं, ते हसत होते.

"चूक सापडली," मास्तर कुजबुजले.

तिचा चेहरा उतरला. "कुठे?"

त्यांनी आदर्श उत्तरपत्रिका उचलली आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

केंद्रप्रमुखांना बोलवावं लागलं. ते आणि मास्तर एका बाकावर शिकलेले. केंद्र वेळेत आटोपण्याचा त्यांना इतका ध्यास की परीक्षक त्यांना पाठीमागे घड्याळ म्हणत. त्यांनी उभ्याउभ्याच तक्ता वाचला, भुवया वर नेल्या, खाली आणल्या, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे खोलीकडे पाठ केली. "पोरगं बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "मान्य. किती गुण झालेत त्याचे?" एकतीस झाले होते. पास व्हायला पस्तीस. "मग झालं तर. तुझी हिरवी शाई आहे, पाच दे, सही कर, छत्तीस होतील, पोराचंही भलं. उद्या सकाळी नऊला गाडी येतेय गठ्ठे न्यायला. अडीच हजार पेपर झालेत, बाबा. आता हे उकरून काढू नकोस."

"बाकीची शून्यं?" मास्तर कुजबुजले.

"कुठली बाकीची? असलं डोकं वर्षात एखाद्यालाच असतं."

"मोजल्याशिवाय कसं कळणार?"

"अरे, तुझं हे शेवटचं केंद्र. वीस वर्षांत तुझ्या आदर्श उत्तराला कुणी नख लावलेलं नाही. पुढच्या महिन्यात सत्कार ठेवलाय, त्यात मी काय सांगू? की जाता जाता तोंडावर पडला?" मग ते वरमले, कारण माणूस वाईट नव्हता. "मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

हिरवं पेन मास्तरांच्या बोटांत होतं. त्या शून्यावर एक आडवी रेघ, शेजारी पाच, खाली सही. अर्ध्या मिनिटाचं काम. कुणाला कळलं नसतं. नव्या बाईला कळलं असतं, पण ती बोलली नसती. तिला पुढच्या वर्षीही इथे यायचं होतं. आणि जी पोरं बोलू शकली असती ती या खोलीत नव्हतीच, होते ते त्यांचे पेपर, दोऱ्यानं बांधून ठेवलेले, लाल शून्यासकट. त्यांच्याजवळ तरी कुठे आवाज होता? मास्तर पेनाकडे पाहत राहिले. मग ते टेबलावर ठेवून खडू घेतला आणि उठून फळ्याकडे वळले.

फळ्यावर चार आकडे काढले, बाण काढले, क आणि ख लिहिलं. खडूचा आवाज ऐकून पुढच्या दोन रांगांनी वर पाहिलं. मागच्या रांगांना काही पत्ता नव्हता. मास्तरांनी तोंड उघडलं, "जरा लक्ष द्या" म्हणाले, आणि ते पंख्याच्या घरघरीत कुठल्या कुठे विरून गेलं. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना मानेवरची शीर तटतटली आणि कान तापले. बत्तीस माणसांसमोर नुसते ओठ हलवत उभं राहणं, हेच तर आठ महिने त्यांच्या स्वप्नात यायचं. आणि तेवढ्यात नवी बाई खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर बघून, खणखणीत, ती म्हणाली, "सर म्हणतायत, जरा लक्ष द्या."

पेनं थांबली. केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला, मग दाराकडे जाऊन पंख्यांची बटणं एकेक करून बंद केली. घड्याळानं स्वतःहून वेळ थांबवावी तसं. पंखे मंदावत थांबले, कागद निवले. मास्तर एक वाक्य कुजबुजायचे, बाई ते उचलायची. "प्रश्न चौथा." "प्रश्न चौथा." "आदर्श उत्तर चूक आहे." तिथे ती क्षणभर अडखळली आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, "आदर्श उत्तर चूक आहे." "उत्तर मी लिहिलं होतं." "उत्तर सरांनी लिहिलं होतं." खोलीत चुळबूळ झाली. मधल्या रांगेतला एक जाडजूड परीक्षक, जो गेली दहा वर्षं मास्तरांचीच टिपणं वर्गात वाचून दाखवत होता, उठून म्हणाला, "सर, अविकारक फलन संचात नाही तर गट कसा होईल? तुम्हीच शिकवलंत." "मीच शिकवलं," मास्तर म्हणाले, आणि बाईनं ते दुप्पट जोरात म्हटलं. "मांडून बघा." आणि बत्तीस माणसांनी, ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचंच मांडलेलं तपासलं होतं, उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या वेष्टनांवर, हाताच्या तळव्यावर, टेबलाच्या लाकडावर तो चार घरांचा तक्ता मांडला. मास्तर पुढे सरकत होते, हातवारे करत होते, बाण पुसून पुन्हा काढत होते. एक वाक्य त्यांचं, तेच वाक्य तिचं, आणि आता मागच्या रांगेतली वयस्कर मंडळी, ज्यांना बाईचंही नीट ऐकू येत नव्हतं, ती शेजाऱ्यांना विचारत होती आणि शेजारी सांगत होते, म्हणजे तेच वाक्य तिसऱ्यांदा, खोलीच्या शेवटच्या भिंतीपाशी. बोलणं त्यांच्या ओठांवरून सुटत होतं आणि एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात होतं, आणि वाटेत बदलत नव्हतं. वडिलांच्या दालनात असंच व्हायचं. फरक एवढाच, की तेव्हा पहिला आवाज मोठा असायचा. तो मोठा असावा लागतो असं कोण म्हणालं होतं? मास्तर देवाला मनातल्या मनात म्हणाले, बरं का, तू होतास तिथेच आहेस. मीच दाराकडे तोंड करून बसलो होतो.

जाडजूड परीक्षक अजून उभाच होता. त्यानं आपला तक्ता पुरा केला, तळव्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "होतो की." मग जरा थांबून, "आयला, होतो की गट." खोली हसली.

"पण मग," कुणीतरी विचारलं, "ज्यांनी होत नाही लिहून पाच घेतले त्यांचं काय? कापायचे?"

मास्तरांनी यावर फार विचार केला नाही. त्या पोरांनी शिकवलं तेच लिहिलं होतं. दार एका बाजूनंच उघडतं. "दिलेले दिले," ते कुजबुजले आणि बाई म्हणाली. "तसं मी माझ्या सहीनं मंडळाला कळवतो. चूक माझी, असंही लिहितो. कापायचं काही नाही. फक्त चौथ्या प्रश्नाची शून्यं काढा. ज्यानं गट होतो म्हणून मांडून दाखवलंय, ती प्रत पुढे आणा."

गठ्ठ्यांचे दोरे सुटायला लागले. तीन दिवस ज्यांच्या तोंडी तक्रारींशिवाय काही नव्हतं ती माणसं, घरी जायची वेळ उलटून चाललेली असताना, पानं उलटत होती. चौथ्या प्रश्नाची जागा कोरी सोडून मिळालेली शून्यं पुष्कळ निघाली, ती तशीच राहिली. मग पहिला हात वर गेला. "माझ्यात एक आहे." मग खिडकीकडून, "एक माझ्यात. यात तर आकृतीसुद्धा काढलीय, मी मेला वाचलीच नाही." मग जाडजूड परीक्षक, मान खाली घालून, दोन प्रती घेऊन आला. नवी बाई मोठ्यानं मोजत होती: पाच, सहा. केंद्रप्रमुख एका कोपऱ्यात, त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या छोट्या गठ्ठ्यात डोकं घालून बसले होते. बराच वेळ त्यांनी वर पाहिलं नाही. मग ते उठले आणि सगळ्यांच्या देखत तीन प्रती मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवल्या. "नऊ," बाई म्हणाली. "वर्षात एखादाच, म्हणालो होतो मी," केंद्रप्रमुख म्हणाले. "गाडीला फोन करतो. नऊऐवजी दुपारी ये म्हणून."

मास्तर खुर्चीत बसले, हिरवं पेन उघडलं. पहिली प्रत समोर घेतली, तीच, उजवीकडे झुकलेल्या अक्षराची. शून्यावर आडवी रेघ मारली, शेजारी पाच लिहिले, खाली सही केली. एकूण बेरजेचे एकतीस खोडून छत्तीस केले, आणि ते आकडे जरा मोठेच काढले. नव्या बाईनं वाकून पाहिलं, आणि पिशवीतला डबा काढून टेबलाच्या कडेला उघडला. मागच्या भिंतीपाशी एक म्हातारे परीक्षक, कानामागे पेन खोचून, एका प्रतीवर बोट ठेवून उभे होते. त्यांचं त्यांनाच नक्की होत नव्हतं. मास्तरांनी सही केलेली प्रत बाजूला ठेवली.

"पुढची," ते कुजबुजले.

बाईनं घास गिळून ते उचलायला तोंड उघडलं. पण खोलीत इतकी शांतता होती, की तिच्याआधीच मागचे म्हातारे प्रत छातीशी धरून रांगांमधून पुढे यायला निघाले होते.